साबणाचा खर्च

टपालखातं मरत नसतं. राज्यं बुडतात, नद्या पात्रं बदलतात, माणसं येतात आणि जातात. पण टपालाची पिशवी एका दारातून निघते ती दुसऱ्या दारी पोचतेच, आणि जोवर माणसाला माणसाची आठवण येते आहे तोवर ती पोचत राहील. मोठ्या ऑफिसच्या पत्राची सुरुवात अशी होती. हे पत्र पोस्टबाईंच्या हातात पडलं तेव्हा त्यावरच्या तारखेला सव्वीस दिवस झाले होते. पिशवी वाटेतल्या एका ऑफिसात अडकून पडली होती. तिथला कारकून तापाने आजारी होता आणि कपाटाची किल्ली त्याच्या उशाखाली होती. साथीच्या भीतीने ती उशी उचलायला कोणी तयार नव्हतं.

पत्र दोन पानी होतं. पहिल्या पानावर सुरक्षितता होती, दुसऱ्यावर पैसे. पहिल्या पानाचं म्हणणं असं की, आलेलं टपाल एक अख्खा दिवस उन्हात ठेवून मगच वाटावं. हात तासातासाला साबणाने धुवावेत. टेबल, शिक्का आणि वजनकाटा दिवसातून तीनदा औषधाने पुसावा. वाटप करणाऱ्याने मास्क आणि हातमोजे वापरावेत. लागेल ते सामान ज्याच्या त्याच्या गावात विकत घ्यावं, पावत्या ठेवाव्यात आणि रक्कम ऑफिसच्या किरकोळ खर्चात दाखवावी. दुसऱ्या पानाचं म्हणणं असं की, ज्या ऑफिसचा किरकोळ खर्च लागोपाठ दोन तिमाही जमेपेक्षा जास्त दिसेल ते ऑफिस बंद करून शेजारच्या ऑफिसात विलीन करण्यात येईल. पगार या खर्चात धरला नव्हता. तो धरला असता तर विलीन करून घ्यायला शेजारचं ऑफिसही उरलं नसतं.

"दोन्ही पानं एकाच माणसाची आहेत," मामंजी पत्र लांब धरून म्हणाले. "सही एकच आहे."

मामंजी म्हणजे पोस्टबाईंचे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं या भागात पिशवी वाहिली होती. त्यांच्यानंतर ती मुलाच्या खांद्यावर आली. मुलगा कधीच घाई करत नसे, म्हणून गावाने त्याचं नाव एक्स्प्रेस ठेवलं होतं. सून परीक्षा देऊन पोस्टमास्तर झाली, त्यामुळे ऑफिसात ती नवऱ्याची साहेब होती. घरात कोण कोणाचं साहेब होतं यावर गावात मतभेद होते.

ऑफिस घरातच होतं. पुढच्या खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट, वजनकाटा आणि भिंतीत बसवलेली पत्रपेटी. खोलीच्या मागच्या अंगाला पडदा होता. पडद्याच्या अलीकडे सरकार होतं आणि पलीकडे चूल. कांदा परतायला घेतला की सरकारच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मागची तिमाही तोट्यात गेलीच होती. साथ आल्यापासून पत्रं थांबली, फॉर्म थांबले, नोकरीचे अर्ज थांबले. कोर्टाच्या नोटिसासुद्धा थांबल्या, म्हणजे लोकांनी भांडायचंही सोडलं होतं. या तिमाहीत पुन्हा तोटा दिसला की संपलं. शेजारचं ऑफिस अकरा किलोमीटरवर. पोस्टबाईंची नोकरी जाणार. एक्स्प्रेसने रोज आधी तिथे जाऊन पिशवी आणायची आणि मग वाटायला निघायचं. एक्केचाळीस म्हाताऱ्यांची पेन्शन याच टेबलावरून हातात पडत होती; त्यांनी एकतर अकरा किलोमीटर चालायचं, नाहीतर वाट बघायची.

पोस्टबाईंनी दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ वाचली. मग सांगितलं, की सामान सगळं आणायचं, एकही गोष्ट चुकवायची नाही, पण खर्च घरच्या वहीत लिहायचा. साबण घरात लागतोच. चार वड्या जास्त लागतील. मास्क जुन्या चादरीचे शिवता येतील.

"म्हणजे सरकारचे हात आपण धुवायचे," मामंजी म्हणाले.

"धुवायचे," पोस्टबाई म्हणाल्या.

दुकानदाराने आपणहून विचारलं होतं, बिल ऑफिसच्या नावाने करू का म्हणून. पोस्टबाई नको म्हणाल्या. तेव्हा त्याने एका वाणसामानाच्या यादीत कांद्याखाली साबण, साबणाखाली हातमोजे आणि हातमोज्यांखाली मामंजींच्या गुडघ्याचं तेल लिहून दिलं. वर म्हणाला, बाई, एवढा साबण लागतोय म्हणजे घरात काहीतरी फारच मळलेलं दिसतंय. दुकानात उभी असलेली तीन माणसं हसली. पोस्टबाईंनी पिशवी उचलली आणि सुटे पैसे मोजून घेतले.

त्या महिन्यात चहातली साखर निम्मी झाली. मामंजींनी तेल दोन वेळांऐवजी एकदाच लावायला सुरुवात केली आणि त्याचं कारण असं सांगितलं, की हल्ली दुसरा गुडघा पहिल्याकडे बघून सुधारतोय.

दिवस सगळे एकासारखे एक झाले. सकाळी साडेनऊला गाडीवाला पिशवी आणायचा. पूर्वी तो आत येऊन पाणी पिऊन जायचा. आता रस्त्यावरूनच पिशवी अंगणात भिरकावायचा आणि ती पडलेली बघायलाही थांबत नसे. पोस्टबाई मोजे घालून पिशवी उघडायच्या, रजिस्टरात नोंद करायच्या, शिक्का मारायच्या. मग अंगणात मामंजींची खाट टाकून तिच्यावर टपाल पसरायचं. एकेका पाकिटावर एकेक खडा. वारा सुटला की कोंबड्या, आणि कोंबड्या गेल्या की वारा. मामंजी काठी घेऊन दिवसभर राखणीला बसायचे. शेतात पाखरं हाकतात तसं त्यांनी टपाल राखलं. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते लांबूनच सांगायचे, तुझं आलंय, पण उद्या मिळेल, आज ते ऊन खातंय.

"माझी खाट सरकारने घेतली," ते म्हणायचे. "भाडं मागितलं तर तोटा वाढेल."

मोजे संध्याकाळी धुऊन दोरीवर वाळत घालायचे. पाच-पाच बोटांची चार वटवाघळं लटकल्यासारखी दिसायची. आठ दिवसांत एका मोज्याचं अंगठ्याचं टोक फाटलं. पोस्टबाईंनी त्याला सायकलच्या पंक्चरचा तुकडा चिकटवला. सायकल तशीही उभीच होती. टायर गेला होता आणि टायरचं दुकान बंद होतं.

त्यामुळे एक्स्प्रेस पायी जायचा. तीन वस्त्या, जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. आदल्या दिवशी ऊन खाल्लेलं टपाल खांद्यावर, पेन्शनीचे दिवस असले की पैशांची पिशवी शर्टाच्या आत पोटाशी. मास्कमध्ये श्वास कोंडायचा, चष्म्यावर वाफ धरायची. तो चष्मा काढायचा, म्हणजे रस्ता दिसायचा नाही. घालायचा, म्हणजेही दिसायचा नाही. पायाला सवय होती म्हणून बरं. मोज्यांत घाम साठून बोटं पांढरी पडायची, सुरकुतायची. संध्याकाळी तो हात चुलीपुढे धरून बसायचा आणि बोटांची चामडी हळूहळू माणसाची व्हायची.

पहिल्या वस्तीच्या तोंडाशी लोकांनी बांबू आडवा बांधला होता. तिथे एक इसम पिकावर औषध मारायचा पंप पाठीला लावून बसलेला असे. आधी तो कोण होता ते कोणाला आठवत नव्हतं. आता सगळे त्याला पंपवाला म्हणत. एक्स्प्रेस आला की तो उठायचा, हात वर करा म्हणायचा, आणि डोक्यापासून पायापर्यंत फवारायचा. मग मागे वळा म्हणायचा. पाणी कसलं होतं ते पंपवाल्यालाही नक्की माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी पिशवीही भिजली आणि सहा पाकिटांवरचे पत्ते पुसले गेले. तेव्हापासून एक्स्प्रेस बांबूच्या अलीकडेच पिशवी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायचा, छातीशी धरायचा आणि बाळ घेऊन पावसात उभं राहावं तसा उभा राहायचा. जाताना एकदा, येताना एकदा. एकदा त्याने विचारलं, की येताना कशाला, मी तर तुमच्याच वस्तीतून बाहेर चाललोय. पंपवाला म्हणाला, तुमच्याच भल्यासाठी, आमच्या वस्तीत काय काय असेल सांगता येत नाही.

दुसऱ्या वस्तीवर एक आजी चुलीतला चिमटा घेऊन दारात उभी असायची. पेन्शनीच्या नोटा ती चिमट्याने धरायची, निखाऱ्यावरून एकदा फिरवायची आणि मग कनवटीला लावायची. एक नोट कडेने जळली. ती एक्स्प्रेसने स्वतःकडे घेतली आणि तिला दुसरी दिली, कारण आजी रडायला लागली होती. तीच आजी पूर्वी त्याला ओसरीवर बसवून तास-तासभर मुलाच्या तक्रारी सांगायची. आता लांबूनच म्हणाली, बाबा, तू चांगला आहेस, पण तू फार घरं फिरतोस.

ही गोष्ट त्याने घरी सांगितली तेव्हा मामंजी हसले. एक्स्प्रेस हसला नाही. तो बावीस वर्षं त्या घरांत फिरत होता. त्याच्या सेवापुस्तकात या बावीस वर्षांत एकही शेरा नव्हता, ना दंड, ना ताकीद. नेमणुकीची तारीख सोडली तर पान कोरं होतं. वर्षातून एकदा ते पुस्तक सहीला यायचं, तेव्हा तो ते पान उघडून बघायचा आणि मिटायचा. दुसरं त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मामंजींच्या पुस्तकात तीन दंड होते. ते म्हणायचे, त्याशिवाय माणूस कामावर होता हे कळत नाही.

तिमाही संपायला बारा दिवस उरले असताना एक पार्सल आलं. लहानसं, चौकोनी, वर औषध असं लिहिलेलं. तिसऱ्या वस्तीवरच्या शिंप्याचं. त्याला दम्याचा त्रास होता आणि तालुक्याचं दुकान बंद असल्याने त्याने औषध लांबून मागवलं होतं. पोस्टबाईंनी नोंद केली, शिक्का मारला आणि पार्सल खाटेवर ठेवलं. त्यावर खडा ठेवला. एक्स्प्रेस पिशवी भरत होता. तो म्हणाला, हे आजच नेतो. पोस्टबाई म्हणाल्या, उद्या. तो म्हणाला, त्याचं औषध परवाच संपलंय. पोस्टबाई म्हणाल्या, की अहो, एकदा नियम मोडला आणि उद्या कोणी तक्रार केली, तर मोठ्या ऑफिसला तेवढंच निमित्त हवंय. तो पिशवी भरत राहिला. पोस्टबाई पडद्यापलीकडे चुलीवरचं दूध बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा खडा खाटेवर होता आणि पार्सल नव्हतं.

"मामंजी, तुम्ही राखणीला बसला होतात ना?"

"कोंबड्यांच्या," मामंजी म्हणाले. "मुलाचं मला कोणी सांगितलं नव्हतं."

एक्स्प्रेस त्या दिवशी तिन्हीसांजेला आला. कपडे अंगावर ओले होऊन वाळलेले, पुन्हा ओले होऊन अर्धे वाळलेले. दारात उभं राहून त्याने हात धुतले, तोंड धुतलं, पिशवी खुंटीला लावली. पोस्टबाईंनी ताट वाढलं आणि पाणी ठेवलं. तो भिंतीला टेकून जेवला. अर्ध्या ताटावर त्याचे डोळे मिटले, मान खाली गेली, परत उचलली.

"तो बसून झोपतो गं," तो म्हणाला. "आडवं पडता येत नाही त्याला. उशा मांडून भिंतीला टेकून बसलेला असतो. खिडकीतून दिलं मी. घरात नाही गेलो."

पोस्टबाईंनी त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं. ती गोष्ट तिथेच राहिली.

तिमाही संपायला दोन दिवस उरले होते तेव्हा तपासनीस साहेब आले. ऊन माथ्यावर होतं. त्यांनी मोटरसायकल रस्त्यावर उभी केली, पण हेल्मेट काढलं नाही. हेल्मेटच्या आत मास्क होता, मास्कच्या वर चष्मा होता आणि चष्म्याच्या मागे कुठेतरी साहेब होते. त्यांनी ऑफिसात यायला नकार दिला. अंगणात झाडाखाली एक स्टूल मागितलं, खिशातून बाटली काढून त्यावर फवारलं, वाळेपर्यंत उभे राहिले आणि मग बसले. पोस्टबाईंनी रजिस्टरं आणून खाटेच्या कडेला ठेवली आणि सहा पावलं मागे गेल्या. साहेबांनी ती काठीने स्वतःकडे ओढली. काठी मामंजींची होती.

साहेब आल्याचं ऐकून एक्स्प्रेस पहिल्या वस्तीवरूनच मागे फिरला होता. अंगातून पाणी गळत होतं. साहेबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, की पाऊस कुठे लागला.

"वस्तीच्या तोंडाशी, साहेब."

साहेबांनी आकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा रजिस्टरात मान घातली.

हिशेब तपासायला तासभर लागला. साहेब बोट ठेवून ओळ ओळ उतरत होते. शेवटी त्यांनी बेरीज दोनदा केली आणि म्हणाले, शाबास. जमेपेक्षा खर्च बावन्नने कमी होता. आठवड्यात पाहिलेल्या ऑफिसांत नफ्यात असलेलं हे एकच होतं. पोस्टबाईंनी पहिल्यांदा खांदे सैल सोडले. मामंजींनी खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकून पाय पसरले.

मग साहेबांनी पान उलटलं, परत उलटलं, आणि विचारलं, की सुरक्षिततेचा खर्च कुठे आहे.

पोस्टबाई म्हणाल्या, नाही.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे शून्य."

साहेबांनी बॅगेतून एक छापील तक्ता काढला. त्यात वीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे पावतीचा क्रमांक लिहायला जागा होती. साबण, पावती क्रमांक. मोजे, पावती क्रमांक. औषध, पावती क्रमांक. ज्या ऑफिसने एकही पावती दाखवली नाही त्याने कर्मचाऱ्यांचा आणि जनतेचा जीव धोक्यात घातला असं समजून ते ताबडतोब कुलूपबंद करावं, असं खाली लिहिलं होतं. सही तीच होती.

पोस्टबाई आत गेल्या आणि घरची वही घेऊन आल्या. दोरीवरचे मोजे दाखवले. मोरीतल्या साबणाच्या वड्या दाखवल्या, औषधाची अर्धी बाटली दाखवली. शांतपणे सांगितलं, की प्रत्येक दिवशी प्रत्येक गोष्ट केली आहे, फक्त पैसे घरचे आहेत. साहेबांनी वही काठीने ओढून घेतली. कांदे, साबण, मोजे, गुडघ्याचं तेल. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फक्त ऑफिसच्या सामानावर खुणा करत गेले. बेरीज सहाशे अठरा झाली.

"हे ऑफिसच्या खर्चात घातलं तर?" साहेबांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "तर पाचशे सहासष्टचा तोटा. लागोपाठ दुसरी तिमाही. विलीन."

"आणि नाही घातलं तर?" पोस्टबाईंनी विचारलं.

"तर कुलूप."

एक कोंबडी खाटेखालून गेली. साहेबांनी हेल्मेटची काच वर केली, तेव्हा दिसलं की माणूस पन्नाशीचा आहे आणि डोळ्यांखाली काळं आहे. ते म्हणाले, बाई, तुम्ही बेजबाबदार असतात तर मला सोपं होतं. खर्च दाखवला असतात तरीही सोपं होतं. तुम्ही दोन्ही पानं पाळली, असं कोणी पाळेल हे वर कोणी धरलेलंच नाही.

पोस्टबाईंनी विचारलं, की हे सहाशे अठरा ऑफिसला आम्हीच दिले असं जमेत धरता येणार नाही का. साहेब म्हणाले, येणार नाही. खातं नोकरांकडून भेट घेत नाही. भेट घेतली तर ती लाच होते, आणि खात्याने नोकराकडून लाच घेतल्याचं उदाहरण नाही. उलट बाजूची आहेत.

मामंजींनी घसा खाकरला.

"नोकराकडून खातं एकच पैसा घेतं," ते म्हणाले. "दंडाचा."

साहेबांनी मान वळवली.

मामंजींनी काठी परत मागितली, ती मांडीवर आडवी ठेवली आणि समजावून सांगितलं. त्यांना तीनदा दंड झाला होता, तिन्ही वेळा तो ऑफिसच्या जमेच्या बाजूला लिहिलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे ऑफिसने नोकराला सहाशे अठरा दंड करायचा, ते जमा. मग ऑफिसने सहाशे अठराचा साबण घ्यायचा, तो खर्च. नफा बावन्नचा बावन्न राहतो आणि तक्त्याला पावत्याही मिळतात.

साहेबांनी तक्त्याच्या पाठीवर आकडे मांडून पाहिले. दोनदा मांडले. मग म्हणाले, बसतंय. बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले, आपल्या नोकरीत एखादी गोष्ट बसते याची सवय मोडल्यासारखे.

"पण दंड कोणाला?" ते म्हणाले. "आणि कशाबद्दल? खोटा दंड मी करणार नाही. चूक खरी पाहिजे."

पोस्टबाई म्हणाल्या, मला करा. साहेब म्हणाले, तुम्ही कार्यालयप्रमुख. तुम्हाला दंड झाला की ऑफिसची चौकशी लागते. दंड हाताखालच्या माणसालाच करायचा असतो. हाताखाली एकच माणूस होता. तो पायरीवर बसून बूट उलटे करून त्यांतलं पाणी काढत होता.

मग सगळ्यांनी मिळून एक्स्प्रेसची चूक शोधायला सुरुवात केली. साहेबांनी विचारलं, कधी उशीर? मामंजी म्हणाले, उशीर हा त्याचा स्वभाव आहे, पण दिवस त्याने कधी चुकवला नाही. कधी पत्र हरवलं? नाही. पैशात कमी-जास्त? एकदा एक जळकी नोट त्याने स्वतःच्या खिशातून बदलली होती. पण ती कमीच होती, जास्त नव्हती. कोणाशी उद्धट बोलला? साहेबांनी हे विचारलं तेव्हा पायरीवरचा माणूस हळूच हसला. बावीस वर्षांत एवढी लहानशी चूकही करून ठेवली नाही याबद्दल त्याच्याकडे तिघंही जरा नाराजीने बघत होती.

पोस्टबाईंना माहीत होतं. त्या रजिस्टराच्या एका पानाकडे बघत होत्या आणि तोंड उघडत नव्हत्या. त्या पानावर पार्सल आल्याची तारीख होती आणि पार्सल पोचल्याची तारीख होती, आणि दोन्ही तारखा एकच होत्या.

एक्स्प्रेसने बूट पायात चढवले.

"सांग की," तो म्हणाला. "शिंप्याचं."

"तुम्ही गप्प बसा."

"साहेब, अठरा तारखेचं पार्सल बघा. उन्हात ठेवलं नाही. आल्या दिवशी नेऊन दिलं. हिने नको म्हटलं होतं."

साहेबांनी पान काढलं. आधी तारखांवर बोट ठेवलं, मग पार्सलात काय होतं त्या रकान्यावर. बोट तिथे थोडा वेळ राहिलं. त्यांनी विचारलं, माणूस कसा आहे. एक्स्प्रेस म्हणाला, आता आडवा झोपतो.

साहेब म्हणाले, की तक्रार कार्यालयप्रमुखाच्या हस्ताक्षरात लागते. पोस्टबाई म्हणाल्या, मी लिहिणार नाही. एक चांगलं काम या माणसाने नियमाबाहेर केलं, तेवढ्याबद्दल त्याचं कोरं पान मी काळं करायचं, आणि वर त्यात साबण विकत घ्यायचा. त्यांचा आवाज चढला नाही. त्या इतक्या दिवसांच्या दमणुकीने बोलत होत्या, हिशेब वाचून दाखवावा तशा.

एक्स्प्रेस उठला, आतून कोरा कागद घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "ऑफिस गेलं तर पान कोरं ठेवून मी ते बघायला कुठे जाऊ? अकरा किलोमीटरवर?"

पोस्टबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग खाटेच्या कडेला बसून लिहायला लागल्या. 'सदर कर्मचाऱ्याने' असं लिहून त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याला सदर कर्मचारी कधी म्हटलं नव्हतं. मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, सूनबाई, 'हेतुपुरस्सर' लिहू नकोस, त्याला दुप्पट पडतो, 'अनवधानाने' लिही. त्यांनी अनवधानाने लिहिलं. जाणूनबुजून, घरातल्यांची नजर चुकवून, चौदा किलोमीटर चालून केलेली गोष्ट अनवधानाने झाली असं त्या कागदावर स्वच्छ अक्षरात उमटलं. खाली त्यांनी सही केली, सहीवर शिक्का मारला. शिक्का मारल्यावर सवयीने औषधाच्या फडक्याने पुसला.

पुढचं काम पाच मिनिटांचं होतं. सहाशे अठरा दंड जमा झाला. सहाशे अठरा साबणाचे खर्ची पडले आणि ते पोस्टबाईंना परत मिळाले, तेच त्यांनी दंडाचे म्हणून भरले. पैसा घराच्या डब्यातून निघाला नाही आणि डब्यात आलाही नाही. दुकानदाराच्या यादीला पावती म्हणून क्रमांक पडला. मामंजींचं गुडघ्याचं तेल तेवढं साहेबांनी काळजीपूर्वक खोडलं. तक्त्यातले वीसही रकाने भरले. सगळ्या व्यवहारात जागची हलली ती फक्त सेवापुस्तकातली एक ओळ.

तपासणीसाठी सोबत आणलेल्या सेवापुस्तकात साहेबांनी ती ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. सुरक्षिततेच्या नियमांबाबत निष्काळजीपणा, दंड सहाशे अठरा, मान्य. एक्स्प्रेसने हात पुसले, मोजा काढला आणि मान्यच्या पुढे सही केली. त्याच्या बोटांचं पाणी कागदाला लागलं आणि सहीतलं शेवटचं अक्षर थोडं पसरलं. साहेबांनी फुंकर मारायला तोंड पुढे केलं, मास्क आहे हे आठवलं, आणि पान तसंच उन्हाकडे धरलं.

"अभिनंदन," मामंजी मुलाला म्हणाले. "आता नोकरीत आहेस असं दिसतं."

पोस्टबाई हसल्या नाहीत, पण पडदा बाजूला करून आत जाताना त्यांनी पदराने डोळे टिपले. त्या वेळी चुलीवर कांदा नव्हता.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, की कार्यालय नफ्यात असून सुरक्षित आहे, कर्मचाऱ्यावर योग्य कारवाई केली आहे, कार्यालय चालू ठेवावे. ते उभे राहिले, हेल्मेटची काच खाली केली, पुन्हा वर केली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, की पुढच्या तिमाहीत बघू, तोवर परिस्थिती बदलेल. मग म्हणाले, की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं उभं आहे, आणि मी स्वतः हे वर कळवीन. हे वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं. तरीही ते परिपत्रकातलं वाटलं, त्याला त्यांचा इलाज नव्हता. शेवटी म्हणाले, खात्याकडून तुमच्यासाठी काही करता येण्यासारखं असेल तर संकोच न करता सांगा.

एक्स्प्रेसने थोडा विचार केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वस्तीचं टपाल अजून पिशवीत होतं आणि दुपारचं ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं.

"साहेब, उद्या अर्धा दिवस रजा मिळेल का?"

साहेबांनी बॅग उघडून रजेचा कागद शोधला, स्टुलावर ठेवला आणि कारण काय लिहू म्हणून विचारलं.

"झोपायचंय," तो म्हणाला.

साहेब लिहायचे थांबले.

"आजारी वगैरे नाही," एक्स्प्रेसने घाईने खुलासा केला. "नुसतं झोपायचंय."